बाहुलीघराची तिसरी कमान

माझ्या नणंदेला कुठलीच हौस लहान करता येत नाही. अमेरिकेहून आली ती आमच्या मुलीसाठी चक्क घर घेऊन आली. घर म्हणजे एक चपटा, जड खोका. आत पातळ प्लायवूडचे तक्ते, त्यांवर यंत्राने कापून ठेवलेल्या भिंती, जिने, खिडक्या, आणि ते सगळं कसं जोडायचं हे सांगणारं इंग्रजी चोपडं. "वीकएंडला बसलात की होऊन जाईल," असं सांगून ती पुढच्या नातेवाइकांकडे गेली. आमच्या विरारच्या बोळिंजला वीकएंड नसतो, रविवार असतो, आणि त्यातला अर्धा टँकर कधी येणार या चौकशीत जातो. तो खोका दिवाळीनंतर बरेच दिवस सोफ्यामागे उभा होता.

सासूबाईंनी एकदा त्याला हात लावून पाहिला आणि विचारलं, "ह्यात घर कुठाय?"

त्या वर्षी गणपतीनंतर सासरे गेले. दिवसकार्य आटोपल्यावर सासूबाई आमच्याबरोबर रत्नागिरीकडच्या गावाहून विरारला आल्या, पण निघतानाच बोलून निघाल्या. "शिमग्यापर्यंत राहते. शिमग्याला पालखी दारात येते, तेव्हा घराला कुलूप बरं दिसत नाही. तिकडे गेल्यावर मग बघू, परत यायचं की तिथेच राहायचं." तिथे म्हणजे एकटीने. आदल्या वर्षी विहिरीच्या पायरीवर त्या घसरल्या होत्या आणि शेजारीण पाण्याला येईपर्यंत तिथेच बसून होत्या. तेव्हा निदान सासरे घरात होते. नवऱ्याच्या डोक्यातून ती पायरी काही जात नव्हती. मला बाजूला घेऊन तो पुन्हा पुन्हा एकच म्हणायचा, "तिला इथे करमायला हवं गं."

मलाही त्या राहायला हव्या होत्या. सासूने राहावं असं वाटणारी सून म्हणून कुणी माझा सत्कार करायला नको. मी शाळेत नोकरी करत होते, संध्याकाळी मुलीला घरात माणूस मिळत होतं, हा स्वार्थ होताच. पण त्याहून खरं म्हणजे मला त्या आवडत होत्या. त्या कमी बोलायच्या आणि मी जास्त, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. फक्त एक गोष्ट मला डाचत होती. त्या आमच्याकडे पाहुण्यासारख्या राहायच्या. "चहा टाकू का?" असं मला विचारून गॅस पेटवायच्या. टीव्ही समोर चालू असला तरी आवाज कमी करा म्हणायच्या नाहीत. "अहो आई, घर तुमचंच आहे," असं मी किती वेळा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. फ्लॅटला दोन बेडरूम होत्या, त्यातली दुसरी हॉलला चिकटून आणि एवढीशी. ताबा मिळाला तेव्हा विरारला कमानींची साथ आली होती. ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये एक कमान, तिला प्लास्टरची वेलबुट्टी, आणि वर छोटे दिवे. आमच्याकडेही ती साथ आली. नवऱ्याने त्या लहान खोलीचं दार काढलं, भिंत फोडली आणि तिथे सुरेख अर्धगोल कमान करून घेतली. "हॉल केवढा मोठा दिसतो बघ," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. येणारेजाणारेही तसंच म्हणायचे, कारण चहा प्यायचा होता. वेलबुट्टीतली धूळ पुसायला मात्र त्यांच्यापैकी कुणी आलं नाही. सासूबाई आल्यावर आम्ही त्यांची खाट त्या कमानीच्या आत टाकली आणि त्यांना खोली दिली असं समजलो.

थंडी पडली तशी मुलगी खोक्याच्या मागे लागली, आणि एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून बसलो. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. पहिल्या तासाभरात माझं आणि नवऱ्याचं भांडण झालं. मला भाग पटापट सुटे करून जोडायला घ्यायचे होते आणि त्याला आधी सगळं चोपडं वाचायचं होतं. शेवटी त्याने वाचलं आणि मी सुटं केलं. बाहेरच्या भिंती खालच्या तळफळीच्या खाचांमध्ये नीट बसल्या. मधल्या तीन भिंती तेवढ्या राहिल्या. त्या तिन्हींत दारं नव्हती, कमानी होत्या. एक बैठकीतून स्वयंपाकघरात जाणारी, एक जिन्याकडे, आणि तिसरी निजायच्या खोलीची.

"बघा," नवरा खूश होऊन म्हणाला, "अमेरिकेतसुद्धा कमानीच."

घर उभं राहायच्या आधीच मुलीला त्यात राहायला माणूस न्यायचं होतं. तिने ठकी आणली. ही ठकी सासूबाईंनी गावाहून येताना आणलेली सावंतवाडीची लाकडी बाहुली, रंगवलेली, जाडजूड, कमरेपासून खाली एकसंध. ती बैठकीत ऐसपैस उभी राहिली, पण स्वयंपाकघराच्या कमानीत पोटाशी अडकली. मुलीने आडवी केली, तिरकी केली, तरी जाईना.

"बाबा, ती घरातच जात नाहीये."

नवऱ्याने दुसरी बाहुली घे असं सुचवून पाहिलं. मुलीने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी ठकीकडे पाहिलं. "असू दे गो बाय," त्या म्हणाल्या. "ती बाहेरच्या खोलीत बसेल." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला एकदम कसंतरी झालं. का ते तेव्हा कळलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "बाहेर बसायची नाही ती. अहो, कमानी कापा."

कमान कापणं हे बोलायला सोपं आहे. कमान रुंद करायची म्हणजे दोन्ही बाजूंचे खांब बारीक होतात. वरचा गोल तसाच अर्धगोल ठेवायचा तर तो वर चढत छताला भिडतो. नवऱ्याला अर्धगोल मोडायचा नव्हता, मी म्हणत होते गोल थोडा दाबून चपटा करा. गोल आखायला मी माझी बांगडी दिली, ती लहान पडली. वाटी मोठी झाली. शेवटी लोणच्याच्या बरणीचं झाकण बरोबर बसलं, आणि झाकणाचा अर्धा नाही तर त्याहून कमी भाग वापरायचा असं ठरलं. म्हणजे माझंच खरं झालं, पण ते त्याने मान्य केलं नाही.

पहिली कमान त्याने कटरने कापली आणि लाकडाची पापडी निघून एक कोपरा उचकटला. मग त्याला अक्कल आली. रेषेवर चिकटपट्टी लावायची, कटरने दोन्ही बाजूंनी हलकी रेघ मारायची, मग बारीक करवतीने रेषेच्या आतून कापायचं आणि उरलेलं घासून काढायचं. घासायला पॉलिश पेपर होता, पण सपाट कागदाने गोल भाग घासला की तो कोपऱ्याकोपऱ्याने झिजतो. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि आल्या त्या माझं लाटणं घेऊन. त्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि कमानीच्या आतून फिरवू लागल्या. कडा गुळगुळीत होत गेली. ते लाटणं नंतर पोळ्यांना कधी नीट चाललं नाही, पण तेव्हा मी एक अक्षर बोलले नाही. मला न विचारता त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली वस्तू उचलली होती, याचाच मला आनंद झाला होता.

दोन कमानी त्या रविवारी कापून, घासून ठेवल्या. भिंती पुढच्या रविवारी बसवायच्या होत्या. मधल्या दिवसांत आम्ही आपापल्या कामाला गेलो आणि सासूबाई घरात एकट्या.

पुढच्या रविवारी नवरा पहिली भिंत खाचेत बसवू लागला तर ती बसेना. वर छताला अडे. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं, चोपडं उघडलं. मग भिंत उलटी करून पाहिली. कमानीच्या खाली, दोन्ही खांबांच्या तळाला जोडून, आइस्क्रीमची एक काडी मापात कापून गोंदाने पक्की चिकटवलेली होती. दुसऱ्या भिंतीलाही तशीच. काड्यांवर हळदीकुंकवाचं बोटसुद्धा लावलेलं.

"आई, हे काय?"

"उंबरे," सासूबाई म्हणाल्या. "कुठेच उंबरा नव्हता. विसरले असतील."

नवरा कपाळाला हात लावून बसला. मला हसू आवरेना. अमेरिकेत ज्या कुणी ते घर आखलं असेल त्याने सगळ्याचा हिशेब केला असेल, पण आतल्या कमानींना रत्नागिरीची बाई उंबरे लावील हे त्याच्या बापजन्मी मनात आलं नसेल. भिंत काडीच्या जाडीने उंच झाली होती. काडी काढायला गेलो तर खांबच मोडले असते, इतका गोंद लावला होता. शेवटी वरून तेवढीच पट्टी कापायची असं ठरलं, आणि ते काम मी केलं, थोडं वाकडं. पण भिंती बसल्यावर एक गोष्ट कळली. कापून बारीक झालेले जे खांब आधी हाताला लागताच हलायचे, ते आता हलत नव्हते. खालच्या काडीने दोघांना धरून ठेवलं होतं.

"मग, उंबरा कशाला असतो?" सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या जरा तोऱ्यात बोलल्या. ठकीला उंबरा ओलांडता येत नसल्यामुळे मुलीने तिला उचलून आत नेलं, आणि ती एकदाची स्वयंपाकघरात उभी राहिली.

तिसरी कमान राहिली होती, निजायच्या खोलीची. नवऱ्याने भिंत मांडीवर घेतली, चिकटपट्टी लावली, झाकण ठेवून रेघ ओढायला पेन्सिल उचलली.

"ही नको कापू," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, ठकी जाणार नाही मग."

"जाऊ दे, कापायची तर काप. पण त्याला दार लाव."

"कमानीला दार नसतं आई. ओपन असतं, म्हणजे घर मोठं दिसतं."

"घर मोठं दिसून तिला काय करायचंय?" सासूबाई ठकीला हातात घेऊन तिच्या रंगवलेल्या लुगड्यावरून अंगठा फिरवत होत्या. "तिने लुगडं बदलायचं कुठे?"

मुलीला ते फारच पटलं. "आणि आपल्याकडे आजी कुठे बदलते?" तिने विचारलं. मुलं विचारतात तसं, काहीच मनात नसताना.

"मी न्हाणीत बदलते," सासूबाई म्हणाल्या. "माझं काय, चालतं. मी काय कायमची आहे?"

नवऱ्याच्या हातात पेन्सिल तशीच राहिली. मला मात्र डोळ्यांसमोर त्यांच्या लुगड्याचा काठ दिसत होता. रोज सकाळी मी डबे भरत असताना त्या न्हाणीतून बाहेर यायच्या आणि नऊवारीचा काठ भिजलेला असायचा. मला वाटायचं, कपडे धुताना भिजत असेल. नऊ वार लुगडं नेसायला माणसाला चार पावलं मागंपुढं सरकता आलं पाहिजे, निऱ्या घालायला कोरडी जमीन पाहिजे. आमच्या न्हाणीत बादली आणि पाट ठेवला की उभं राहायला जेमतेम जागा. आणि बाहेर कमानीच्या आत ती खाट, सोफ्यावर बसलेल्या कुणालाही पायथ्यापासून उशीपर्यंत दिसणारी. दुपारी त्या तिथे कधी आडव्याही होत नसत, भिंतीला टेकून बसून डुलक्या काढायच्या. आता लक्षात आलं, खाटेवर पाय पसरले तर ते हॉलमध्ये दिसले असते.

मला राग आला. नेमका कुणाचा ते सांगता येत नाही. त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही याचाही आला. पण पाहुणा असं सांगत नाही. पाहुणा म्हणतो, छान आहे घर, आणि आपल्या दिवशी निघतो. सासूबाईंचा दिवस शिमगा होता.

तिसरी कमान कापून झाली आणि चहा झाल्यावर मी नवऱ्याला गॅलरीत बोलावलं. "अहो, कमानीला दार लावायचं," मी म्हटलं.

"बाहुलीघराच्या ना? लावतो की. बिजागरी कुठून आणायची तेवढं..."

"आपल्या."

त्याला त्या कमानीची किती हौस होती हे मलाच ठाऊक आहे. ती कमान बांधली जात होती तेव्हा ऑफिसला दांडी मारून तो गवंड्यामागे उभा होता. "हॉल लहान होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

"तिला विचारूया आधी."

"विचाराल तर त्या नको म्हणतील. त्यांनी आजवर कशाला हो म्हटलंय?"

खाली मैदानात मुलांचं क्रिकेट चाललं होतं, ते बघत तो उभा राहिला. मग आत गेला आणि मापाची पट्टी घेऊन आमच्या कमानीखाली उभा राहिला. सासूबाई ठकीच्या खोलीची कमान लाटण्याने घासत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

सुतार आला आणि त्याने नवऱ्याने सांगायच्या आधीच मान हलवली. कमानीत चौकट बसत नाही, म्हणाला. एकतर वरचा गोल फोडा, नाहीतर गोल सुरू होतो तिथे आडवी पट्टी टाकून वरचा भाग प्लायने बुजवा. फोडणं नवऱ्याच्याने झालं नसतं. "वरचा तुकडा मी कापतो," तो म्हणाला. सुताराला ते आवडलं नाही, पण साहेबांची हौस म्हणून तो बाजूला झाला. नवऱ्याने वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून जमिनीवर पसरली, खिळ्याला दोरा बांधून पेन्सिलने भलामोठा अर्धगोल काढला, कमानीला लावून पाहिला, जिथे प्लास्टर वेडंवाकडं होतं तिथे कागद कातरला. मग त्या कागदावरून प्लाय कापला आणि कडा घासत बसला. इतकी वर्षं मिरवलेली कमान तो स्वतःच्या हाताने बुजवत होता. मला त्याची दयाही आली आणि तो फार आवडलाही. मी त्याला काहीच बोलले नाही, वेलबुट्टीवरूनसुद्धा नाही.

सासूबाई मात्र सगळ्यांना सांगत होत्या, "कशाला उगाच? कमान चांगली होती. शिमग्याला मी जाणार, मग दार कुणाला?" शेजारणीला सांगितलं, मुलीला सांगितलं, सुतारालाही सांगितलं. पण दार बसत असताना त्या तिथून हलल्या नाहीत. सगळं झाल्यावर सुतार हत्यारं गोळा करू लागला तेव्हा पुढे झाल्या आणि त्याला विचारलं, "कडी आतून लावलीस ना?"

आतूनच होती. त्यांनी दोनदा लावून, काढून पाहिली.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाली, भांडी आवरली, नवरा काही कामाला बाहेर गेला. सासूबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज मी हॉलमध्ये वह्या तपासताना ऐकला. सवय नव्हती, त्यामुळे जरा चुकल्यासारखं झालं. हॉल खरंच लहान दिसत होता. एरवी भिंतीला टेकलेली त्यांची आकृती डोळ्यांच्या कडेला असायची, ती नव्हती. आतून काहीच आवाज येईना. झोपल्या असतील, बरं वाटत नसेल, राग तर आला नसेल, असं काय काय माझ्या मनात येऊन गेलं. वही तपासताना मी एकाच उत्तरावर दोनदा खूण केली.

मुलगी बाहुलीघरापाशी खेळत होती. तिला कशासाठी तरी आजी हवी झाली. ती उठली, त्या नव्या दारापाशी गेली, आणि आजवर आजीकडे जाताना जे तिला कधी करावं लागलं नव्हतं ते तिने केलं. दार वाजवलं.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

साधाच प्रश्न. पण आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना तो कधी विचारताना ऐकलं नव्हतं. आवाज चढा होता, झोपेतला, थोडा वैतागलेलासुद्धा. ज्याचं घर असतं तो आतून ज्या आवाजात विचारतो तो आवाज. पाहुण्याला तो येत नाही.

"मी आहे आजी."

"थांब जरा," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी लोळतेय."

मुलगी थांबली. मी वह्या बाजूला ठेवल्या, कारण मला पुढचं नीट दिसत नव्हतं. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याने बूट काढायच्या आत मी त्याला सांगितलं, शिमग्याचं एसटीचं तिकीट काढाल तेव्हा आईंचं येतानाचंही काढून ठेवा.